आकाश कोणाच्या बापाचं?



मागल्या महिन्यात आमच्या युवक मंडळाच्या बैठकीत एक पोरगा उठला आणि म्हणाला, "दादा, रडगाणं आता बास झालं. टीव्हीवर बाबासाहेब आले. २०१९ साली स्टार प्रवाहवर मालिका झाली, त्याच साली हिंदीत अँड टीव्हीवर सुरू झाली. घराघरांत लोकांनी बघितली. आता अजून काय पाहिजेल तुम्हाला?" टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो. रात्री घरी आलो तर झोप येईना. तोंडात उत्तर होतं आणि दिलं नाही, म्हणून ते इथं स्टेन्सिलवर कोरतो आहे. पोरगा गुणी आहे, मोर्चाला पुढं असतो. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्या 'आता अजून काय पाहिजे'वर. हे वाक्य आपल्या तोंडात कुणी घातलं?

काय पाहिजे ते सांगण्याआधी एक रविवार सांगतो. साल १९८७. आमच्या वस्तीत तेव्हा मोजून दोन टीव्ही. एक दुकानदाराच्या घरी. त्याच्या खिडकीला आम्ही पोरं लोंबकळायचो आणि तो पडदा ओढून घ्यायचा. दुसरा विहारात, वर्गणी काढून आणलेला, ब्लॅक अँड व्हाइट. विहारात का, तर वस्तीत लाइटचा अधिकृत मीटर तेवढा तिथंच. रविवारी सकाळी नऊला वंदना असायची, आणि साडेनऊला दूरदर्शनवर रामायण. २५ जानेवारी १९८७ ला ते सुरू झालं, ३१ जुलै १९८८ पर्यंत चाललं.

तर झालं काय, पहिल्या महिन्यात वंदनेला गर्दी वाढली. आम्ही खूश. मग ध्यानात आलं, लोक जागा धरायला येतायत. मग मागून आवाज यायला लागले, "आटपतं घ्या जरा." मग एका रविवारी त्रिसरण-पंचशीलावर भागवलं. मग वंदना आठला नेली. आठला कोण येणार? समोर बुद्धमूर्ती, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली सगळी वस्ती बसून रामाचा बाण बघतेय.

आमचे तात्या गोदीत कामाला. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस. एका रविवारी ते उठले आणि खटकन बटण बंद केलं. बायका ओरडल्या, "तात्या, नुसती गोष्ट हाय वं. बघू द्या की."

तात्या म्हणाले, "गोष्ट हाय तर वैनी, डोईवर पदर का घेतला? हात का जोडले?"

कोणी बोललं नाही. पाच मिनिटांनी कुणीतरी टीव्ही परत चालू केला. तात्या बाहेर पायरीवर जाऊन बसले, तिथंच त्यांनी विडी पेटवली. बटण परत चालू करणारा हात माझा होता. हे मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

आता त्याच दिवसांत दुसरीकडं काय चाललं होतं ते बघा. १९८७ सालीच महाराष्ट्र सरकारच्या शिक्षण खात्यानं बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला. वसंत मून संपादक. त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम', आणि शेवटी परिशिष्ट राम आणि कृष्णाच्या कोड्याचं. सीतेला टाकून का दिली? तप करणाऱ्या शंबूकाचं डोकं का उडवलं? बाबासाहेबांनी हे ग्रंथाच्या आधारानं, ओळीला ओळ लावून विचारलं होतं. लगेच काहूर उठलं. खंडाच्या होळ्या झाल्या, परिशिष्ट काढून टाका म्हणून मोर्चे निघाले. सरकार कचरलं. मग आपले लोक ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत लाखांनी रस्त्यावर उतरले. आपला मोर्चा हुतात्मा चौकावरून गेला म्हणून मागाहून तो चौक शिंपडून 'शुद्ध' करण्यात आला. परिशिष्ट राहिलं, पण त्याच्यासोबत सरकारनं एक टीप छापली: या प्रकरणातल्या मतांशी शासन सहमत नाही.

नीट वाचा ती टीप. बाबासाहेबांच्या पुस्तकाला सरकारची टीप. पुढं १९९० साली टिपू सुलतानवरची मालिका दूरदर्शनवर आली, तिला पाटी लागली की ही कल्पित कथा आहे. मग दर रविवारी साडेनऊला, सरकारी ट्रान्समीटरवरून, सरकारी विजेवर, तुमच्या-आमच्या पैशावर राम आला, त्याच्या आधी पाटी कुठं होती? 'या कथेशी शासन सहमत नाही' अशी ओळ मी तरी एका रविवारी बघितली नाही, आणि मी एकही रविवार चुकवला नव्हता.

आणि गंमत ऐका. मालिका राज्याभिषेकावर संपवली होती. सीतेचा त्याग आणि शंबूकाचा वध येतो उत्तरकांडात. म्हणजे बाबासाहेबांचा प्रश्न जिथं सुरू होतो, बरोबर त्याच्या अलीकडं टीव्ही बंद!

उत्तरेत याच्यावरून वेगळंच घडलं. जालंधरच्या सफाई कामगारांनी १९८८ साली झाडू खाली ठेवला. ते स्वतःला वाल्मीकी ऋषीचे मानतात, आणि वाल्मीकी आश्रमाचा सगळा भाग उत्तरकांडात. आमच्या गुरूचा भाग दाखवा, ही मागणी. संप इतर शहरांत पसरला, रस्त्यांवर कचरा साचला, आणि दिल्लीचं सरकार नमलं. 'उत्तर रामायण' काढायला परवानगी मिळाली. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. म्हटलं, पगारासाठी नाही, मैल्याच्या टोपलीसाठी नाही, आणि रामायणासाठी संप? आता हसू येत नाही. देशात टीव्हीवर काय दाखवायचं हे संप करून ठरवणारी माणसं तीच, आपल्यातली झाडूवाली. मागणी चुकीची असेल. पण पडद्यावर आपला हक्क आहे हे त्यांना आपल्याआधी कळलं.

हा खोका आपल्याकडं आला कसा, ते थोडक्यात सांगतो, कारण पोरांना वाटतं तो आकाशातून पडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगात टीव्हीचे दोन रस्ते पडले. लढाईत बंद पडलेली बीबीसीची टीव्ही सेवा १९४६ ला परत सुरू झाली. ती लोकांच्या परवाना फीवर चालायची, सरकारच्या हुकमावर नाही, निदान कागदावर. तिथं जाहिरातीवाला टीव्ही १९५५ साली आला. अमेरिकेत पहिल्यापासून कंपन्या. आपण काय केलं? फी बीबीसीसारखी घेतली, टीव्हीचा परवाना पोस्टात जाऊन काढावा लागायचा, आणि खुर्चीवर बसवलं सरकारी खातं. मग त्यात जाहिराती घातल्या. दोन्हीकडचं वाईट तेवढं उचललं.

१५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रयोग म्हणून सुरुवात झाली, युनेस्कोच्या मदतीवर, टेलिक्लबांमध्ये संच बसवून. मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ ला आला. १९७६ च्या १ एप्रिलपर्यंत टीव्ही हा आकाशवाणीचाच एक भाग होता, आणि आकाशवाणीचं सोवळं तर प्रसिद्धच. बा. वि. केसकर नावाचे आपले मराठी मंत्री १९५२ पासून दहा वर्षं त्या खात्यावर होते. त्यांना सिनेमाची गाणी चालायची नाहीत. शास्त्रीय संगीत म्हणजे संस्कृती, बाकी सगळा गोंगाट. लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. संस्कृती म्हणजे आमच्या दिवाणखान्यात असते ती, हे जे डोकं आहे, ते रेडिओतून टीव्हीत तसंच्या तसं आलं. फर्निचरसकट. मुंबई केंद्रावर 'चिमणराव' लागायचा. चांगला विनोद होता, आम्हीही हसायचो. पण ते घर कुणाचं, बोली कुणाची? शेतीच्या कार्यक्रमाचं नाव 'आमची माती आमची माणसं'. ज्याची माती त्याची माणसं. ज्याच्या नावावर गुंठाभर नाही त्यानं कुठला कार्यक्रम बघायचा?

खोटं बोलायचं नाही, एक चांगली गोष्टही झाली. गुजरातेत खेडा जिल्ह्यात, पीज गावच्या छोट्या ट्रान्समीटरवरून, १९७५ पासून इस्रोच्या लोकांनी खेड्यांसाठी कार्यक्रम केले. गावातल्या माणसांना सोबत घेऊन, त्यांच्याच बोलीत. अस्पृश्यता, किमान मजुरी, मालकाची दादागिरी हे विषय. युनेस्कोनं बक्षीस दिलं. पुढं ते गुंडाळलं. त्याच १९७५-७६ च्या सुमारास उपग्रहावरून सहा राज्यांतल्या दोन हजारांवर खेड्यांत टीव्ही दाखवून झाला, तोही वर्षभराचा प्रयोग. म्हणजे करता येतं हे सिद्ध झालं होतं. करायचं नाही, हेही मग सिद्ध झालं.

सरकारच्या हातात टीव्ही म्हणजे काय, याचा एक नमुना. १९७७ चा फेब्रुवारी, आणीबाणी सैल झालेली, निवडणूक लागलेली. जगजीवनराम काँग्रेस सोडून बाहेर पडले आणि दिल्लीत रामलीला मैदानावर सभा ठरली. त्या संध्याकाळी दूरदर्शननं ठरलेला सिनेमा बदलून 'बॉबी' लावला. लोकांनी घरी बसावं म्हणून. लोक बसले नाहीत, मैदान भरलं. जगजीवनराम काही आपले नव्हते. बाबासाहेबांच्या हयातीत आणि नंतरही त्यांना काँग्रेसनं आपल्यासमोर प्यादं म्हणून उभं केलं, ते आपण विसरलो नाही. पण एका चांभाराच्या पोराच्या सभेला राजसत्ता किती घाबरली, हे डिंपल कपाडियाच्या पोस्टरमागं लपत नाही.

आता धंद्याचा टीव्ही. काही लोक म्हणतात, सरकार नको तर मार्केट बरं, पैशाला जात नसते. नसते का? बघू.

१ जानेवारी १९७६ ला, ऐन आणीबाणीत, दूरदर्शननं जाहिराती घ्यायला सुरुवात केली. १९८२ ला एशियाडच्या निमित्तानं रंग आला. १९८४ साली तर काही महिने दिवसाला एक ट्रान्समीटर उभा राहिला. त्याच जुलैत 'हम लोग'. खर्च उचलला मॅगीनं. कुटुंब लहान ठेवा, बाईला मान द्या, असं शिकवायला निघालेली मालिका होती ती. लोकांनी किती शिकलं माहीत नाही, पण दोन मिनिटांत शेवया उकळायला सगळा देश शिकला. १९८२ साली नेमलेल्या पी. सी. जोशी समितीनं सांगितलं की टीव्हीला भारतीय व्यक्तिमत्त्व पाहिजे. मिळालं, १९८७ ला, मुकुट आणि धनुष्यासकट. आणि त्याच्या मागं-पुढं जाहिरातींची रांग. म्हणजे बाजार आणि पुराण ही दोन टोकं नव्हतीच, एकाच साबणानं दोघं आंघोळ करत होती.

१९९१ ला स्टार आला, हाँगकाँगच्या ली घराण्याचा. १९९३ पासून तो मर्डॉकच्या हातात गेला, २०१९ ला डिस्नेच्या, २०२४ ला रिलायन्सच्या. १९९२ ला झी. मराठीत १९९९ ला अल्फा, २००० ला ईटीव्ही. चॅनेलांचं पीक आलं. चॅनेल कशावर जगतं? जाहिरातीवर. जाहिरात कुणासाठी? जो विकत घेईल त्याच्यासाठी. त्यासाठी घरं मोजायची पद्धत आहे. घरातला कमावता माणूस किती शिकला आणि घरात फ्रिज, गाडी, एसी असल्या वस्तू किती, यावरून घराला वर्ग मिळतो. ए, बी, सी, डी, ई, आणि त्यांचे पोटभाग. मनूनं चार केले होते, यांनी पाच. कित्येक वर्षं तर प्रेक्षक मोजायचं यंत्र शहरांतच बसायचं. खेड्यातली घरं मोजणीत आली ती २०१५ ला. जो ई मध्ये, त्याच्यासाठी कोण मालिका काढणार? त्याच्या खुनाची बातमी कोण दाखवणार?

खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारून टाकली. टीव्हीच्या गाड्या कधी आल्या? आपले लोक विदर्भात रस्त्यावर उतरले, जाळपोळ झाली तेव्हा. मेलेली चार माणसं पडद्यावर आली नाहीत, जळालेली गाडी आली. दर सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक पुस्तकं विकत घेतात, टीव्हीवर मात्र दादरच्या वाहतुकीचं काय होणार ही काळजी असते.

त्याच २००६ साली दिल्लीत अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी मोजणी केली. ३७ माध्यमसंस्थांतले निर्णय घेणारे ३१५ पत्रकार. त्यांत दलित किंवा आदिवासी किती? एकही नाही. २०१९ ला ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीनं परत मोजलं. बातम्यांच्या १२१ मोठ्या खुर्च्या, त्यांतल्या १०६ सवर्णांच्या, आपला परत एकही नाही. मधल्या तेरा वर्षांत शेकडो चॅनेलं निघाली, शून्य मात्र हललं नाही. पैशाला जात नसते म्हणे.

म्हणून त्या पोराला सांगतो: मालिका आली ती बरी झाली, माझ्या नातीनं बघितली, तिला रमाई कळली. पण ती आली कशी? कुणाच्या तरी लक्षात आलं की आपल्यातली काही घरं आता ए-बी मध्ये गेलीत, टीआरपी मिळेल. दिली. उद्या मिळाला नाही, काढून घेतील. २०२० च्या २८ मार्चला, टाळेबंदीत, दूरदर्शननं रामायण परत लावलं, जनतेची मागणी म्हणून. त्याच आठवड्यात आपली माणसं पोरं खांद्यावर घेऊन महामार्गावरून चालत होती. जनता कोण हे ठरवणारा अजून तोच आहे.

मग करायचं काय? इथं मी तुम्हाला मिसिसिपीला नेतो. आपल्या पँथरनं १९७२ ला नाव घेतलं ते काळ्यांच्या पँथरवरनं. आपण नाव घेतलं, ही गोष्ट घ्यायची राहून गेली.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यात जॅक्सन शहर. तिथं डब्ल्यू.एल.बी.टी. नावाचं टीव्ही स्टेशन, एका विमा कंपनीच्या मालकीचं. त्याच्या टापूतली जवळजवळ ४५ टक्के माणसं काळी. पडद्यावर मात्र सगळं गोरं. १९५५ साली वरून येणाऱ्या कार्यक्रमात काळ्यांच्या संघटनेचा वकील बोलायला आला, तर स्टेशननं मुद्दाम प्रक्षेपण तोडलं आणि पाटी लावली: क्षमस्व, केबलमध्ये बिघाड. आपल्याकडं 'व्यत्यय' म्हणायचे. १९६३ च्या मे महिन्यात मेडगर एव्हर्सनं भांडून भांडून त्याच स्टेशनवर बोलायला वेळ मिळवला. जॅक्सनच्या टीव्हीवर एक काळा माणूस सरळ उभा राहून आपल्या लोकांचं म्हणणं मांडतोय! जून महिन्यात त्याला त्याच्याच घराच्या दारात गोळी घातली.

मग १९६४ च्या मार्चमध्ये, एक ते सात तारखेला, काही स्वयंसेवकांनी गुपचूप एक काम केलं. घरात बसून ते स्टेशन सकाळपासून रात्रीपर्यंत बघितलं आणि वहीत लिहून काढलं. कोण दिसला, किती वेळ दिसला, काय म्हणून बोलावला, काळ्या माणसाला श्रीमान म्हणाले की नुसत्या नावानं हाक मारली. चर्चचे एव्हरेट पार्कर, संघटनेचे अ‍ॅरन हेन्री आणि जॅक्सनचे आर. एल. टी. स्मिथ यांनी ती वही सरकारच्या प्रसारण आयोगापुढं टाकली आणि म्हणाले, यांचा परवाना पुन्हा देऊ नका.

आयोगानं काय म्हणावं? तुम्ही कोण? तक्रार करायचा हक्क दुसऱ्या स्टेशनला, ज्याचा धंदा बुडतो किंवा ज्याच्या लहरींना अडथळा होतो त्याला. नुसत्या बघणाऱ्या माणसाला हक्क नाही. म्हणजे यंत्राला त्रास झाला तर ऐकणार, माणसाला झाला तर नाही. ते कोर्टात गेले. १९६६ ला कोर्टानं सांगितलं, बघणाऱ्यालाही हक्क आहे. आयोगानं तरी परवाना दिला. परत कोर्ट. १९६९ ला कोर्टानं परवानाच रद्द केला. नंतर ते स्टेशन काळ्या-गोऱ्यांच्या मिळून एका मंडळाकडं चालवायला दिलं, आणि १९७२ ला विल्यम डिल्डे नावाचा काळा माणूस तिथं मॅनेजर झाला. बिघाडाची पाटी जिथं लागली होती, त्याच इमारतीत.

बंदूक नव्हती त्यांच्याजवळ. वही होती.

आपल्याकडं कायदा काय म्हणतो? ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची मिरासदारी नाही आणि पैसेवाल्याचीही नाही. भांडण होतं क्रिकेटची मॅच कोण दाखवणार याचं, आपल्यासाठी कोण कोर्टात गेलं होतं! पण मुख्य निकाल लिहिला न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. २०१७ च्या अखेरीस पुण्यात एल्गार परिषद झाली, तिच्या मागं उभे राहिलेले तेच सावंत. १९९७ ला प्रसार भारती झाली, स्वायत्त म्हणे. पैसा सरकारचा आणि मर्जीही सरकारची.

सार्वजनिक. हा शब्द आपण आधी कुठं ऐकलाय? १९२३ ला बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं, तीन वर्षं एक थेंब मिळाला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चालत गेले, ओंजळ भरली, तेव्हा ते खुलं झालं, आणि त्याबद्दल डोकी फुटली आपली. १९९५ चा निकाल हा बोले ठराव समजा. तळं कागदावर आपलं आहे. कोण चालत गेलं?

यावर आपल्यातलेच दोन आवाज येतील, मला माहीत आहेत. एक म्हणेल, आपली चॅनेलं काढू. नागपुरातून लॉर्ड बुद्धा निघालं, आवाज इंडिया निघालं. दुसरा म्हणेल, आता मोबाईल आहे, प्रत्येक पोरगा स्वतःच चॅनेल. काढा, जरूर काढा. १९२० साली बाबासाहेबांनी मूकनायक काढला तेव्हा केसरीनं पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नव्हती. आपलं पत्र पाहिजेच, म्हणून तर आपण शाईनं हात काळे करतो. आपली गाणी रेडिओनं नाकारली तर आपण जलशात गायली, कॅसेटवर गायली, आणि ती आंधळ्या डोळ्यांनाही बघायला न लागता घरोघर पोचली. पण एक विचारतो. गावात पाण्यावरून तंटा झाला की पाटील काय म्हणायचा? "तुम्हाला वेगळी विहीर बांधून देतो." वेगळी विहीर बांधली म्हणून तळ्यावरचा हक्क सोडायचा? आणि मोबाईलवरच्या विहिरीचा मालक कोण, पोहरा कधी काढून घेईल, हे तरी आपल्या हातात आहे का?

तर आमच्या मंडळानं ठरवलंय, येत्या मार्चच्या एक तारखेपासून सात तारखेपर्यंत मोजायचं. सह्याद्री आणि बातम्यांची दोन खासगी मराठी चॅनेलं. सकाळी सहा ते रात्री अकरा, तीन-तीन तासांच्या पाळ्या. वहीत पाच रकाने: वेळ, कोण बोललं, आडनाव, कशासाठी बोलावलं होतं, आणि किती मिनिटं. चर्चेला चारजण बसवले तर चौघांची आडनावं लिहायची. आपला माणूस नुसता गर्दीत दिसला तर 'गर्दी' असं लिहायचं, बोलला तर काय बोलला ते लिहायचं. राखीव जागांवर चर्चा असेल तेव्हा बोलावलेलं वेगळं, पावसावर किंवा बजेटवर बोलावलेलं वेगळं. अंदाजानं एक मिनिट लिहायचं नाही, घड्याळ बघून लिहायचं. रागाच्या नोंदी वहीत नकोत, राग आपल्याकडं भरपूर आहे, आकडे नाहीत. कोर्टात, प्रसार भारतीपुढं, मंत्रालयापुढं, जिथं कुठं दार ठोठवायचं तिथं ही वही न्यायची. महाडला २० मार्चला ती वाचून दाखवू.

बैठकीतल्या त्या पोराला मी रविवारची पाळी दिली आहे, सकाळी नऊ ते बारा. तो म्हणाला, "दादा, त्या वेळी वंदना असते." मी म्हटलं वंदना आठला घेऊ, मी येतो. तुमच्या तालुक्यात करणार असाल तर पोस्टकार्ड टाका, रकान्यांचा कागद छापून पाठवतो. स्टेन्सिल ठेवून दिलं आहे.